‘रँडी राइड्स अलोन’ (१९३४): पाच-सहा दिवसांत, हाताशी असलेल्या पैशांत वेस्टर्न कसा उभा राहतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: जॉन वेन या अमेरिकन नटाचा ‘रँडी राइड्स अलोन’ हा वेस्टर्न, म्हणजे काऊबॉयपट, पाहिला, सुरुवात जबरदस्त वाटली, पण पुढे पार्श्वसंगीत नाही, पाठलागात घोडे विचित्र वेगाने पळतात, संवाद मध्येच अडखळतात. हे कशामुळे? इतक्या कमी पैशांत असे चित्रपट कसे बनवत? आणि आमच्या गटाला याच धर्तीवर दहा मिनिटांचा लघुपट करायचा असेल तर यातलं काय घ्यावं, काय टाळावं, आणि चित्रपटाची कोणती प्रत पाहावी?

आधी हिशेब समजून घेऊ, कारण बाकी सगळं त्यातून येतं. पॉल मॅल्व्हर्न या निर्मात्याच्या लोन स्टार या पाटीखाली १९३३ ते १९३५ या काळात जॉन वेनचे सोळा वेस्टर्न निघाले. मोनोग्राम ही छोटी कंपनी ते वितरित करायची. मंदीचे दिवस होते. प्रेक्षक टिकवण्यासाठी थिएटरवाले एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागले होते. पहिला, मोठ्या कंपनीचा चित्रपट गल्ल्याच्या टक्केवारीवर येई. दुसरा, छोटा चित्रपट ठरावीक भाड्यावर येई. म्हणजे चित्रपट कितीही चालला तरी निर्मात्याच्या हाती येणारी रक्कम जवळजवळ आधीच ठरलेली. चांगला केला म्हणून जास्त मिळत नाही, पण खर्च वाढला तर तोटा नक्की. त्यामुळे एका चित्रपटाचा खर्च साधारण दहा ते पंधरा हजार डॉलरच्या आत बसवायचा आणि पाच-सहा दिवसांत चित्रीकरण संपवायचं, हे गणित पक्कं होतं. वेन १९३० मध्ये दिग्दर्शक राऊल वॉल्शच्या ‘द बिग ट्रेल’चा नायक होता. तो भव्य चित्रपट आपटला आणि वेन छोट्या कंपन्यांकडे फेकला गेला. १९३९ च्या ‘स्टेजकोच’पर्यंत तो तिथेच राबला. लोन स्टारच्या काळातला वेन सव्वीस-सत्तावीस वर्षांचा आहे. अभिनय कच्चा, पण घोड्यावरची बैठक आणि चालणं आधीच पडदा भरून टाकणारं.

फिल्मचा हिशेबही करून पाहा. ३५ मिलिमीटर फिल्म सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने मिनिटाला ९० फूट जाते. चित्रपट ५३ मिनिटांचा, म्हणजे पडद्यावर आलेली फिल्म सुमारे ४,७७० फूट. प्रत्येक शॉटचे सरासरी तीनच टेक परवडतात असं धरलं तर कच्ची फिल्म १४,३०० फुटांच्या आसपास लागते, म्हणजे हजार फुटांचे पंधरा डबे. एक डबा अकरा मिनिटं चालतो. पाच दिवसांत ५३ मिनिटं म्हणजे दिवसाला दहा मिनिटांहून जास्त तयार चित्रपट. मोठ्या कंपनीच्या चित्रपटात दिवसाला दोन-तीन मिनिटं निघाली तरी दिवस सार्थकी लागला म्हणायचे. संवाद अडखळतात ते यामुळे. नट ओळ विसरला, सावरला आणि वाक्य पूर्ण केलं तर तो टेक ‘ओके’. पुन्हा घ्यायचा तर फिल्मही जाते आणि उन्हाची वीस मिनिटंही जातात.

आता कथेकडे. न्याय मागणारा एकटा काऊबॉय ही कल्पना नुसती रोमँटिक नाही, ती खर्चाला सोयीची आहे. रँडी बोवर्स एका दारूच्या गुत्त्यात शिरतो, तिथे सगळे मरून पडलेले. शेरीफ येतो आणि जिवंत सापडलेला एकमेव माणूस म्हणून त्यालाच खुनी ठरवून तुरुंगात टाकतो. मेलेल्या मालकाची पुतणी सॅली भिंतीमागच्या चोरखोलीत लपून बसली होती. हा माणूस निर्दोष आहे हे तिने पाहिलेलं असतं. ती त्याला सोडवते, तो पळतो आणि धबधब्यामागे लपलेल्या खऱ्या टोळीच्या अड्ड्यावर जाऊन पोचतो. आता निर्मात्याच्या नजरेने हे पाहा. नायकावर आळ असल्यामुळे त्याच्या बाजूने कोणी नाही, म्हणजे गावकऱ्यांची गर्दी लागत नाही. शेरीफची माणसंही त्याच्या मागे आणि दरोडेखोरही त्याच्या मागे. दोन्हीकडे घोडेस्वार तेच ठेवले, टोप्या बदलल्या, की दोन पाठलाग तयार. नायक टोळीत शिरतो, म्हणजे खलनायकाच्या गुहेतले प्रसंग आणि नायकाचे प्रसंग एकाच जागी उरकतात. पटकथा लिंड्स्ली पार्सन्सची. तो मोनोग्रामच्या प्रसिद्धी विभागातून लेखनाकडे आला होता आणि काय परवडतं हे त्याला ठाऊक होतं. नायकाचं एकटेपण आणि निर्मात्याची काटकसर त्याने एकाच गाठीत बांधली, आणि माझ्या मते या चित्रपटातलं सगळ्यात शिकण्यासारखं काम तेच आहे. तुमच्या लघुपटाची गोष्ट निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: माझ्याकडे जे नाही, ते गोष्टीतही नसणं स्वाभाविक वाटेल का?

सुरुवातीची काही मिनिटं नीट पाहा, शक्य असेल तर आधी आवाज बंद करून आणि मग आवाजासह. ओसाड रस्त्यावरून रँडी येतो. आतून पियानोचा आवाज, म्हणजे आत माणसं आहेत, मजा चालली आहे असं वाटतं. तो दार ढकलून आत जातो आणि पियानो वाजवायला कोणी नसतंच. तो छिद्रं असलेल्या कागदाच्या गुंडाळीवर आपोआप वाजणारा पियानो आहे. बारवर, जमिनीवर प्रेतं. संगीत आनंदी, आणि ते थांबत नाही. भिंतीवरच्या चित्राच्या डोळ्यांतून कोणाचे तरी खरे डोळे बघताहेत. हे सगळं जवळजवळ एकही शब्द न बोलता कळतं.

हा प्रसंग स्वस्तही आहे, आणि तो स्वस्त का, हे तंत्राच्या बाजूने कळलं तर फार उपयोगी पडेल. संवाद नसल्यामुळे कॅमेऱ्याची घरघर दाबणारी आवाजबंद पेटी लागत नाही, मायक्रोफोन लागत नाही, दिग्दर्शक चालू शॉटमध्ये सूचना देऊ शकतो. शॉट कितीही तुकड्यांत घ्या, नंतर त्यांवर पियानोची एकच अखंड पट्टी टाकली की तुकडे सांधले जातात. वेगवेगळ्या वेळी घेतलेले, प्रकाशात थोडेफार वेगळे असलेले शॉटही एकसंध वाटतात, कारण कान सांगतो की वेळ तुटलेली नाही. तुमच्या लघुपटात अशी एक अखंड आवाजाची वस्तू गोष्टीतच ठेवा. रेडिओ, पिठाची गिरणी, विहिरीवरचा पंप, भजनाची लाऊडस्पीकरवरची कॅसेट, काहीही. एक खबरदारी मात्र घ्या. तो आवाज लोकेशनवर चालू ठेवून शूट करू नका. प्रत्येक कटला तो उडी मारेल आणि मग संकलनात काहीच हलवता येणार नाही. तो वेगळा, सलग पाच मिनिटं ध्वनिमुद्रित करा आणि संकलनात बसवा. बाहेरच्या शॉटमध्ये त्याचे उंच स्वर कमी करून पातळी निम्म्यावर आणा, पात्र दार उघडतं त्या फ्रेमला तो पूर्ण उघडा. आवाज दारासोबत उघडला नाही तर सगळा परिणाम जातो.

पार्श्वसंगीत नाही याचं कारण असं. त्या काळी संवाद, पावलं, टापा आणि संगीत असे चार ट्रॅक एकत्र मिसळायचे तर ते ऑप्टिकल फिल्मवरून (जिच्यावर आवाज प्रकाशाने उमटवतात ती फिल्म) पुन्हा ऑप्टिकल फिल्मवर उतरवावे लागत. प्रत्येक वेळी खरखर वाढायची. शिवाय वाद्यवृंद, संगीतकार, स्टुडिओचे तास, सगळ्याचे पैसे. त्यामुळे संगीत बहुधा श्रेयनामावलीपुरतं. मधल्या शांततेत तुम्हाला वारा, लगामाची कडी, जमिनीवर घासणारे बूट ऐकू येतात, आणि मला ही शांतता या चित्रपटांची मोठी ताकद वाटते. १९८० च्या दशकात व्हिडिओसाठी यातल्या अनेक चित्रपटांना सिंथेसायझरचं संगीत जोडलं गेलं. त्या प्रतींत सुरुवातीचा पियानोही त्याखाली दबतो. अशी प्रत पाहिली असेल तर तुम्ही तो चित्रपट पाहिलेलाच नाही असं समजा.

पाठलागाचं गणित आता पाहू. कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी २० फ्रेम या वेगाने चालवला आणि पडद्यावर २४ ने दाखवला की हालचाल १.२ पट वेगवान दिसते. १६ ने चालवला तर दीडपट. संवाद नसल्यामुळे आवाजाचा प्रश्न येत नाही, टापा नंतर टाकायच्या. २२ ते २० पर्यंत डोळ्याला फारसं खटकत नाही. त्याच्या खाली गेलात की घोड्याची शेपटी, टोपीची कड आणि स्वाराचे कोपर झटके देऊ लागतात. घोड्याच्या वेगापेक्षा माणसाच्या छोट्या हालचाली जास्त चुगली करतात. म्हणून स्वार लांब असेल तर २०, मध्यम अंतरावर २२, आणि चेहरा ओळखू येत असेल तर २४, हा क्रम पाळावा. या चित्रपटांत हा क्रम अनेकदा पाळलेला नाही, आणि तुम्हाला जाणवलेला विचित्र वेग तोच. धुळीकडेही लक्ष द्या. वेग वाढवला की धूळही उकळल्यासारखी वर येते, म्हणून असे शॉट कडक मातीवर घ्यावेत.

जागाही कमी लागते. भरधाव घोडा सेकंदाला साधारण १२ मीटर जातो. १०० मीटरच्या सरळ पट्ट्यावर तो आठ सेकंद दिसतो. असे आठ शॉट म्हणजे मिनिटभराचा पाठलाग, आणि सगळा त्याच १०० मीटरवर. एकदा रस्त्याच्या या बाजूने, एकदा त्या बाजूने, एकदा खाली बसून गवताआडून, एकदा टेकडीवरून, एकदा सोबत धावणाऱ्या गाडीतून. नियम एकच: पळणारा डावीकडून उजवीकडे जात असेल तर पाठलाग करणाराही डावीकडून उजवीकडेच गेला पाहिजे. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला कॅमेरा नेलात की दिशा उलटते, म्हणून तेव्हा घोड्यांना उलट दिशेने पळवायचं. हे विसरलं की दोघे एकमेकांना भेटायला निघाल्यासारखे दिसतात. दुसरी चूक म्हणजे ओळखू येणारा खडक किंवा झाड. तोच खडक तीनदा गेला तर प्रेक्षकाला कळतं. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला न्यूहॉल, प्लासेरिटा कॅन्यन या भागांत असे चित्रपट इतके निघाले की सराईत प्रेक्षक तिथली झाडं आणि वळणं ओळखतो. सावलीकडे तर लक्ष द्याच. सकाळी आठचा आणि दुपारी एकचा शॉट शेजारी बसत नाही.

या मालिकेतल्या अनेक चित्रपटांत आणखी एक युक्ती दिसते. नायक घोड्यावर चढतो, कॅमेरा झर्रकन बाजूला फिरतो, सगळं पुसट होतं, आणि पुसटपणा निवळतो तेव्हा नायक दुसऱ्या ठिकाणी पोचलेला असतो. दोन मैलांचा प्रवास अर्ध्या सेकंदात. करायची पद्धत सोपी: पहिला शॉट उजवीकडे झटकून संपवा, दुसरा त्याच दिशेने, त्याच वेगाने झटकत सुरू करा, आणि दोन्ही पुसट भागांच्या मध्ये कट मारा. दोन्ही झटक्यांचा वेग वेगळा असेल किंवा एकाची पार्श्वभूमी उजळ आणि दुसऱ्याची काळोखी असेल तर सांधा दिसतो.

मारामारीकडे जरा वेळ देऊ, कारण या चित्रपटांचा खरा वारसा तिथे आहे. टोळीतला स्पाइक झालेला याकिमा कनट हा रोडिओतला, म्हणजे काऊबॉयांच्या स्पर्धांतला, विजेता घोडेस्वार आणि त्या काळचा सगळ्यात महत्त्वाचा स्टंटमन. पुढे १९५९ च्या ‘बेन-हर’मधली रथांची शर्यत त्याने उभी केली आणि स्टंटच्या कामासाठी त्याला मानद ऑस्करही मिळालं. लोन स्टारच्या काळात तो आणि वेन मिळून मारामारीची जी पद्धत घडवत होते ती आजही जगभर वापरतात. आधी नट एकमेकांच्या खांद्यावर, छातीवर खरेच ठोसे मारायचे किंवा हात मध्येच आवरायचे. दोन्ही खोटं दिसायचं आणि दुखायचंही. नव्या पद्धतीत ठोसा हनुवटीच्या समोरून वीतभर अंतरावरून जातो आणि कॅमेरा अशा ठिकाणी असतो की ते अंतर दिसतच नाही.

करायचं असं. मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे, किंचित बाजूला कॅमेरा ठेवा, उंची डोळ्यांइतकी. लेन्स थोडी लांब घ्या, ७५ ते ८५ मिलिमीटर, म्हणजे पुढच्या-मागच्या वस्तू जवळ आल्यासारख्या दिसतात. मारणाऱ्याने सरळ पुढे ठोसा मारायचा नाही. हात बाजूने मोठा फिरवून लेन्सच्या समोरून आडवा न्यायचा. खाणाऱ्याने मान त्याच दिशेला, त्याच क्षणी झटकायची. मारण्याआधी दोघांची नजरानजर झालीच पाहिजे, नाहीतर हात फिरवू नये. शूटिंगआधी अर्ध्या वेगाने दहा वेळा, मग पाऊण वेगाने, मग टेक. काय बिघडतं? कॅमेरा दोघांच्या बरोबर बाजूला असेल तर मधली मोकळी जागा लख्ख दिसते. मान दोन-तीन फ्रेम उशिरा हलली तर ठोसा हुकलेला दिसतो, आधी हलली तर नाटक दिसतं. संकलनात एका कोनातून दुसऱ्या कोनात जाताना हाताची दोन-तीन फ्रेम हालचाल पुन्हा येऊ द्या. कटच्या क्षणी डोळा तेवढी हालचाल गाळतो, त्यामुळे ती सलग वाटते.

‘रँडी’मध्ये ठोशांना आज आपल्याला सवयीचा असलेला फटक्याचा आवाज फारसा नाही. धडपड, श्वास, फर्निचर एवढंच ऐकू येतं. त्यामुळे आजच्या कानाला मारामारी पोकळ वाटते. दृश्य चांगलं आहे, आवाज कमी पडतो. तुम्ही तो घाला, पण प्रत्येक ठोशाला एकच रेकॉर्डिंग लावू नका. जाड कापडावर, चामड्यावर, भिजवलेल्या टॉवेलवर असे वेगवेगळे आवाज घ्या आणि ठोसा चेहऱ्यासमोरून जातो त्या फ्रेमवर बसवा.

कनट वेनच्या जागी स्टंटही करायचा आणि वेनच्या विरोधातला गुंडही व्हायचा. त्यामुळे यातल्या काही चित्रपटांत तो जवळजवळ स्वतःचाच पाठलाग करतो. हे जमतं ते शॉटच्या क्रमामुळे. वेनचा जवळचा शॉट घोड्यावर. मग लांबचा शॉट, टोपीची कड खाली, पाठमोरा स्वार, तोच शर्ट, आणि तो खाली झेपावतो. दोघे गडगडत फ्रेमबाहेर जातात. पुढच्या शॉटमध्ये मोकळी जमीन, आणि वेन फ्रेमच्या खालून वर उठतो. मधली मोकळी जमीन ही त्या अदलाबदलीची जागा. अर्धा सेकंद मोकळी फ्रेम सोडली नाही तर उडी जाणवते.

घोडे पाडण्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. त्या काळात ‘रनिंग डब्ल्यू’ नावाची पद्धत वापरत. घोड्याच्या पुढच्या पायांना बांधलेली तार पोटाखालच्या कडीतून नेऊन दूर जमिनीत गाडलेल्या खुंट्याला अडकवायची. तार संपली की भरधाव घोड्याचे पुढचे पाय खालून ओढले जायचे. कनटने ही पद्धत वापरली आणि तिच्यात तो निष्णात मानला जाई, पण घोड्यांचे पाय आणि माना मोडत, आणि कितीतरी घोडे मेले. १९३६ च्या ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’मधल्या घोड्यांच्या मृत्यूंनी आणि १९३९ च्या ‘जेसी जेम्स’मध्ये कड्यावरून पाण्यात पाडलेल्या घोड्यामुळे संताप उसळला, आणि १९४० पासून अमेरिकन ह्युमेन असोसिएशन ही प्राणिकल्याण संस्था हॉलिवूडच्या सेटवर देखरेख करू लागली. जुन्या वेस्टर्नमध्ये घोडा अचानक कोलांटी खाताना दिसला की आपण काय बघतो आहोत हे ठाऊक असू द्या. तुमच्या लघुपटात घोडा नुसता उभा राहणार असेल तरी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आधी काढा, २००१ च्या नियमांनुसार ती लागते. पडणारा घोडा दाखवायचाच नाही. स्वाराचा चेहरा, धूळ, आणि नंतर मोकळा घोडा परत येताना, एवढ्यात गोष्ट कळते.

जॉर्ज हेजबद्दल चार ओळी, कारण हा माणूस या चित्रपटाचा दुसरा खांब आहे. पुढे ‘गॅबी’ हेज म्हणून दाढीवाला, विनोदी सोबती या भूमिकेत तो अमेरिकाभर लाडका झाला. इथे मात्र तो खलनायक आहे: गावात मॅट नावाचा मुका, वाकलेला माणूस, आणि अड्ड्यावर टोळीचा म्होरक्या मार्व्हिन ब्लॅक. मॅट बोलत नाही, कागदावर लिहून दाखवतो. अशा चिठ्ठ्यांचे जवळचे शॉट कुठेही, कधीही, आवाजाशिवाय घेता येतात, म्हणून पुन्हा खर्चाला सोयीचे. पण इथे त्यांनी लय मारली आहे. प्रत्येक चिठ्ठी पडद्यावर वाचण्याइतका वेळ थांबते आणि मधला भाग रेंगाळतो. चिठ्ठी वापरायचीच असेल तर सहा-सात शब्दांची ठेवा आणि वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच या.

दिग्दर्शक हॅरी फ्रेझर. सुरुवातीनंतर त्याची पकड सैल होते. खोलीतले प्रसंग समोरून, एका सरळ रेषेत उभ्या माणसांचे, कारण एकच मायक्रोफोन वर टांगलेला आणि त्याच्या टप्प्यात सगळ्यांनी उभं राहायचं. अल्बर्टा वॉनच्या सॅलीला पहिल्या भागात खरं काम आहे: तिने पाहिलं, तिने ठरवलं, तिने सोडवलं. नंतर ती नायकाची वाट पाहणारी उरते. न्यायाची सगळी गोष्ट जिच्या साक्षीवर उभी आहे तिला पटकथेने मध्येच सोडून दिलं, ही मला या चित्रपटातली खरी उणीव वाटते, आणि ती पैशांमुळे आलेली नाही. कॅमेरामन आर्ची स्टाउट मात्र अव्वल. पुढे १९५२ च्या ‘द क्वाएट मॅन’साठी विंटन हॉकसोबत त्याला ऑस्कर मिळालं. इथे त्याच्याकडे ऊन, रिफ्लेक्टर आणि फिल्टर एवढंच. निळं आकाश गडद करण्यासाठी पिवळा किंवा लाल फिल्टर लावला की ढग उठून दिसतात. पण गडद लाल फिल्टर आठपट, म्हणजे तीन स्टॉप प्रकाश खातो आणि चेहरे खडूसारखे पांढरे पाडतो, म्हणून तो लांबच्या शॉटपुरता. तुम्ही डिजिटलवर कृष्णधवल करणार असाल तर रंगीत चित्रित करून नंतर निळा चॅनल खाली आणा, हेच साधतं. फार खाली आणलात तर आकाशात दाणे आणि पट्टे दिसू लागतात.

त्याच सुमाराला मुंबईत वाडिया मूव्हीटोन ही चित्रपट कंपनीही घोडे पळवत होती. होमी वाडियांची ‘हंटरवाली’ १९३५ ची. बुरखाधारी राजकन्या, कैदेतला बाप, दुष्ट मंत्री आणि नायिका नाडियाचा ‘पंजाब का बेटा’ घोडा. दोन्ही चित्रपट पाठोपाठ दाखवले तर तुमच्या गटाला बरंच काही सापडेल, कारण तिथेही पैसा आधी घोड्यांवर आणि मारामारीवर खर्च झाला आहे.

आता लघुपटाचं वेळापत्रक. दहा मिनिटं, दोन दिवस धरू. एक सेटअप, म्हणजे कॅमेऱ्याची एक जागा, लावून शूट करायला सरासरी वीस मिनिटं. दहा तासांच्या दिवसातून जेवण आणि जागा बदलण्याचा वेळ वजा केला तर पंचवीस सेटअप निघतात. दोन दिवसांचे पन्नास. शॉटची सरासरी लांबी आठ सेकंद धरली तर दहा मिनिटांना पंचाहत्तर शॉट हवेत. म्हणजे निम्मे सेटअप संकलनात दोनदा तरी वापरता यायला हवेत. त्यासाठी पटकथेत एकाच जागी दोनदा परत येणारे प्रसंग ठेवा. उन्हाचे शॉट सकाळी दहापर्यंत आणि दुपारी साडेतीननंतर, मधल्या वेळी खोलीतले. मारामारी पहिल्या दिवशी जेवणाआधी, माणसं ताजी असताना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मारामारी ठेवली की कोणीतरी हमखास दुखावतं. गोळीबारासाठी खेळण्यातली बंदूक वापरा, चमक आणि आवाज संकलनात घाला, आणि सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून सातवी सुटू देऊ नका.

शेवटी प्रतीबद्दल. अमेरिकेत त्या काळच्या कायद्यानुसार २८ व्या वर्षी हक्कांचं नूतनीकरण करावं लागे. या चित्रपटाचं झालं नाही, म्हणून तो तिथे मुक्त आहे. भारतातही चित्रपटाची साठ वर्षांची मुदत कधीच संपली. पण नंतर जोडलेलं संगीत किंवा रंग भरलेली आवृत्ती यांवर वेगळे हक्क असू शकतात, म्हणून जाहीर प्रयोगासाठी मूळ कृष्णधवल प्रतच घ्या. प्रत तपासताना चौकट आधी बघा: ती ४:३ च्या आसपास असायला हवी. चित्र पूर्ण रुंद पडदा भरत असेल तर डोकी आणि पाय कापलेले आहेत. मग लांबी. ५३ मिनिटांऐवजी ५१ च्या जवळ असेल आणि आवाज किंचित पातळ वाटत असेल तर काही कापलेलं नाही. ती पॅल या टीव्ही पद्धतीची, सेकंदाला २५ फ्रेमने पळणारी प्रत आहे. प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा आणि स्वर जपण्याचा पर्याय बंद ठेवा, म्हणजे आवाजही मूळ पट्टीत येतो. ४५ मिनिटांची प्रत सापडली तर ती टीव्हीच्या वेळेसाठी कापलेली समजा आणि सोडून द्या. खरखर पूर्ण गायब केलेल्या प्रती मोहक वाटतात, पण त्यांत ‘स’, ‘श’ ही व्यंजनं विरघळतात आणि माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी ऐकू येतात. थोडी खरखर असलेली प्रत घ्या आणि छोट्या सभागृहात दाखवताना स्पीकरचे सात-आठ हजार हर्ट्झच्या वरचे स्वर थोडे खाली करा. सुरुवातीचा पियानो हॉलच्या शेवटच्या रांगेत नीट ऐकू येतो का, हे प्रेक्षक येण्याआधी तिथे बसून तपासा.